स्वस्त लॅपटॉपचा उंची पडदा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नित्याचा सांभाळ थांबविला आणि जगभरातील कोट्यवधी धडधाकट संगणकांवर एका दिवसात वार्धक्याचा शिक्का बसला. यंत्रे बिघडली नव्हती. नवी विंडोज ११ प्रणाली ज्या सुरक्षा चिपचा आणि ज्या पिढीच्या प्रोसेसरचा आग्रह धरते, ते त्यांच्यापाशी नव्हते, एवढाच त्यांचा अपराध. घरगुती ग्राहकांना सुरक्षेपुरती वर्षभराची मुदतवाढ मिळाली खरी. परंतु मुदतवाढ म्हणजे आयुष्य नव्हे. परिणामी शिक्षक, कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या घरांतून नव्या लॅपटॉपची चर्चा सुरू झाली. दुकानाची पायरी चढताच या मंडळींच्या कानांवर चार इंग्रजी अक्षरे पडू लागली: ओएलईडी. एके काळी लाखाच्या पुढच्या यंत्रांपुरता राखून ठेवलेला हा पडदा आता मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला आहे, असे विक्रेता सांगतो, आणि तो खोटे बोलत नाही. आसूस कंपनीने २०२१ सालीच पन्नास हजारांच्या आतल्या किमतीपासून अशी यंत्रे भारतात विकायला काढली. पुढे इतरांनीही तीच वाट धरली.

प्रश्न पडदा सुंदर आहे की नाही हा नाही. तो सुंदर आहे. पन्नास-साठ हजारांत, बहुधा हप्त्यांवर घेतलेल्या आणि पुढची सहा-सात वर्षे कुटुंबाला पुरवायच्या यंत्रात हे सौंदर्य कशाच्या बदल्यात मिळते, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर जाहिरातीत नसते, आणि दुकानातील चित्रफितीत तर नसतेच. तेथे काळ्याभोर पार्श्वभूमीवर फूल उमलत असते, किंवा रात्रीच्या महानगराचे दिवे लुकलुकत असतात. या पडद्याला जे सर्वांत चांगले जमते तेच दाखविले जाते. यात विक्रेत्याचा दोष नाही. साडीच्या दुकानातही दिवा साडीवरच सोडलेला असतो.

हे तंत्र समजून घेतल्यावाचून हिशेब मांडता येणार नाही. आजवर लॅपटॉपचा पडदा म्हणजे एलसीडी, अर्थात द्रवस्फटिकांचा पडदा, असे समीकरण होते. द्रवस्फटिकांचा शोध फ्रीड्रिख रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८८ साली लावला आणि त्यापासून पडदा बनविता येतो हे अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९६८ साली जाहीर केले. या विद्येत भारताचाही वाटा आहे. बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले, आणि पुढे अशाच पदार्थांच्या पातळ पापुद्र्यांनी एलसीडी पडदा बाजूने पाहिला तरी फिका दिसू नये याची सोय केली. मात्र या पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. मागे दिव्यांची पट्टी अखंड तेवत असते आणि पुढे द्रवस्फटिकांच्या सूक्ष्म झडपा उघडझाप करतात. काळा रंग दाखवायचा म्हणजे झडप लावून घ्यायची. पण झडप कितीही घट्ट लावली तरी उजेड झिरपतोच. म्हणून एलसीडीवरील काळोख हा नेहमी करडा काळोख असतो.

ओएलईडीमध्ये मागचा दिवाच नाही. कार्बनी संयुगांचे, केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही पातळ असे थर विजेच्या प्रवाहाने स्वतः उजळतात. पडद्यावरचा प्रत्येक बिंदू हा स्वतंत्र दिवा असतो. काळे दाखवायचे तेव्हा तो चक्क विझतो. ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने या पडद्याचा पाया घातला. पुढे काय झाले हेही सांगण्यासारखे आहे. कोडॅकने हा व्यवसाय २००९ साली कोरियाच्या एलजी समूहाला विकून टाकला आणि २०१२ च्या जानेवारीत स्वतः दिवाळखोरीचा अर्ज केला. २००७ साली सोनीने या तंत्राचा पहिला दूरचित्रवाणी संच बाजारात आणला. त्याचा पडदा ११ इंचांचा आणि किंमत २ लाख येन होती. त्यावरून आजच्या स्वस्ताईची कल्पना यावी.

ही स्वस्ताई कोणाच्या औदार्यातून आलेली नाही. मोबाइल फोनसाठी काचेवरचे, म्हणजे न वाकणारे ओएलईडी पडदे तयार करण्याचे मोठे कारखाने कोरियात उभे राहिले. पुढे महागडे फोन वाकणाऱ्या पडद्यांकडे वळले, त्यांत चिनी उत्पादकही उतरले आणि जुन्या कारखान्यांना काम कमी पडू लागले. यंत्रे गंजवत ठेवण्यापेक्षा लॅपटॉपचे पडदे काढावेत, हा व्यापारी शहाणपणा त्यातून सुचला. यापुढे तर खास लॅपटॉप आणि टॅब्लेट डोळ्यांसमोर ठेवून मोठ्या आकाराच्या काचेवर काम करणारे कारखाने उभे राहत आहेत. सॅमसंगने कोरियातील आसान येथे आणि चीनच्या बीओई कंपनीने चेंगडू येथे अशी गुंतवणूक २०२३ साली जाहीर केली. तेव्हा हा पडदा आणखी उतरत्या किमतीला मिळेल, याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. ज्याला घाई नाही त्याने हे ध्यानात ठेवलेले बरे.

ओएलईडीच्या आगमनाने एक चांगले काम झाले, हे प्रथम मान्य केले पाहिजे. चाळीस हजारांच्या आसपासच्या लॅपटॉपमध्ये भारतीय ग्राहकाच्या गळ्यात वर्षानुवर्षे जे पडदे मारले गेले, ते पाहिले की उत्पादक या ग्राहकाला डोळे नाहीत असे समजून चालले होते की काय, अशी शंका येते. २५० निट्सची क्षीण उजळणी, रंगांचा तोकडा पल्ला, मान जरा इकडेतिकडे केली की चेहऱ्याचा रंग पालटावा अशी अवस्था. माहितीपत्रकात त्यापुढे ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असे. त्याचा अर्थ कोणी विचारीत नसे आणि कोणी सांगतही नसे. अशा पडद्यावर जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने पेशींचे रंगविलेले छेद पाहायचे आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्याने छटा ओळखायच्या! ओएलईडी पडदा या सर्व बाबतींत कितीतरी सरस आहे. त्याचे रंग भरगच्च, कडा रेखीव. चार मुले एका यंत्राभोवती दाटीवाटीने बसली तरी टोकाच्या मुलालाही तेच चित्र दिसते. या तुलनेने लाजून का होईना, काही उत्पादकांनी आपले एलसीडी पडदेही सुधारले. स्पर्धेचा हा लाभ ओएलईडी न घेणाऱ्यालाही मिळाला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक लाभ आहे. मात्र तो वस्तुतः ओएलईडीचा नसून त्याच्यासोबत बहुधा येणाऱ्या दाट बिंदूंचा आहे. १५.६ इंचांच्या नेहमीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० बिंदू असतात, म्हणजे इंचाला सुमारे १४१. चौदा इंचांच्या, २८८० गुणिले १८०० बिंदूंच्या ओएलईडीवर हेच प्रमाण इंचाला २४० च्या वर जाते. रोमन लिपीचे तेवढ्याने फारसे अडत नाही. देवनागरीचे अडते, कारण तिच्यात रेषेच्या वरही मजकूर असतो आणि खालीही; रफार, अनुस्वार, उकार, जोडाक्षरांची गुंतवळ. ‘शुद्ध’ आणि ‘शुध्द’ यांतला फरक ज्याला पडद्यावरच पकडायचा आहे, त्या मुद्रितशोधकाला किंवा भाषेच्या शिक्षकाला ही दाटी म्हणजे चैन नव्हे. पण येथेही मेख आहे. सर्वांत स्वस्त ओएलईडी यंत्रांत ही दाटी नसते. तेथे बिंदू जुनेच असतात, फक्त त्यांचा उजेड नवा असतो. शिवाय काही ओएलईडी पडद्यांवर लाल, हिरव्या आणि निळ्या उपबिंदूंची मांडणी एलसीडीसारखी सरळ पट्ट्यांची नसते. दाटी कमी असली की बारीक अक्षरांच्या कडेला त्यामुळे रंगीत झालर दिसते. नाव तेच, वस्तू निराळी.

आता या वर्गाच्या कामाकडे वळावे. शालार्थची वेतनदेयके, यू-डायस प्लसची माहिती, सरलवरील नोंदी, निकालपत्रके, एक्सेलचे तक्ते, पत्रव्यवहाराचे टंकलेखन, पीडीएफचे वाचन: शिक्षकाचे आणि कारकुनाचे संगणकावरचे आयुष्य हे असे शुभ्र पानावर जाते. आणि शुभ्र पान हीच ओएलईडीची दुखरी जागा आहे. एलसीडीचा मागचा दिवा पान पांढरे असो की काळे, सारखीच वीज खातो. ओएलईडीचा प्रत्येक बिंदू उजळेल तेवढे खातो. म्हणजे काळ्या पानाला जवळजवळ काहीच नाही आणि पांढऱ्या पानाला सर्वाधिक. रात्री चित्रपट पाहणाऱ्याची बॅटरी टिकते आणि दिवसा तक्ता भरणाऱ्याची लवकर संपते, असा हा उफराटा न्याय आहे. काळ्या पानावर पांढरी अक्षरे उमटविण्याची सोय हल्ली बहुतेक ठिकाणी असते, हे खरे; पण सरकारी संकेतस्थळे अजून बहुतांशी पांढरीशुभ्रच आहेत आणि छापायचा अर्ज काळ्या कागदावर तयार करण्याची सवय कोणालाही लागलेली नाही. त्यात या किमतीच्या यंत्रांत ४२ किंवा ५० वॉट-तासांची बेताचीच बॅटरी बसविण्याचा प्रघात आहे. ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे हा तपशील क्षुल्लक म्हणता येत नाही.

दुसरी अडचण झिजेची. कार्बनी संयुगे प्रकाश देता देता थकतात. निळा प्रकाश सर्वाधिक ऊर्जेचा, म्हणून निळे बिंदू सर्वांत आधी थकतात. सगळा पडदा सारखा थकला असता तर कोणाच्या लक्षातही आले नसते. पण पडद्याच्या तळाशी टास्कबार रोज आठ तास एकाच जागी उभा असतो, एक्सेलच्या वरच्या पट्टीतील चिन्हे तसूभरही हलत नाहीत. त्या जागा इतरांपेक्षा वेगळ्या झिजतात आणि कालांतराने पुसट, न जाणारी सावली मागे राहते. तिला बाजारात ‘बर्न-इन’ म्हणतात. शब्द जळण्याचा असला तरी गोष्ट झिजण्याची आहे; देवळाच्या पायरीचा मधलाच भाग खोलगट व्हावा तशी. उत्पादकांनी यावर उपाय योजले आहेत. चित्र नकळत एखाद-दुसऱ्या बिंदूने सरकविणे, टास्कबार लपविणे, काम थांबताच काळा पडदा ओढणे असे हे उपाय आहेत, आणि ते निरुपयोगी नाहीत. चित्रपट, वाचन, थोडेफार लेखन असा मिश्र वापर असेल तर सावलीचे भय फारसे बाळगू नये. पण एकच तक्ता, एकाच मांडणीत, पूर्ण उजळणीवर, वर्षानुवर्षे, असे ज्याचे काम आहे त्याने हे भय बाळगलेच पाहिजे, आणि कारकुनाचे काम नेमके हेच आहे.

तेव्हा उजळणी कमी ठेवावी, असा सल्ला मिळतो. तो मानला की तिसरी अडचण उभी राहते. अनेक ओएलईडी पडदे उजळणी कमी करतात ती दिवा मंद करून नव्हे, तर तो झपाट्याने बंद-चालू करून. सेकंदाला २४० वेळा असे हे मिचकावणे बऱ्याच लॅपटॉपमध्ये आढळते. डोळ्यांना ते दिसत नाही. मात्र काही माणसांना त्याने डोकेदुखी आणि डोळ्यांचा शीण होतो. सर्वांना होत नाही. म्हणूनच ज्याला होतो त्याची तक्रार कोणी गांभीर्याने घेत नाही. विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ साली एलईडी दिव्यांच्या मिचकावण्याविषयी शिफारशी प्रसिद्ध केल्या. पूर्णपणे बंद-चालू होणारा प्रकाश कमी जोखमीचा ठरण्यासाठी त्याची गती सेकंदाला सुमारे १२५० च्या पुढे असावी, असा त्यांचा आशय होता. त्या शिफारशी दिव्यांसाठी होत्या, पडद्यांसाठी नव्हत्या. तरी २४० आणि १२५० यांतले अंतर दुर्लक्षिण्यासारखे नाही. अलीकडच्या काही पडद्यांत ही गती वाढविलेली आहे, आणि काही उत्पादकांनी दिवा पूर्ण पेटता ठेवून आज्ञावलीने चित्रच मंद करण्याची सोय दिली आहे. ती आपल्या यंत्रात आहे की नाही, हे मात्र ग्राहकाने स्वतः शोधायचे. खोक्यावर प्रोसेसरचे नाव ठसठशीत छापतात. मिचकावण्याची गती छापलेली कोणी पाहिली आहे काय?

ती तपासण्याचा घरगुती उपाय मात्र शिक्षकाच्या खिशातच असतो. पडद्यावर पांढरे पान उघडावे, उजळणी निम्म्याहून कमी करावी आणि पडद्यासमोर पेन्सिल पंख्यासारखी वेगाने हलवावी. तिची सलग पुसट सावली दिसली तर उत्तम. एकापुढे एक तुटक पेन्सिली दिसल्या तर पडदा मिचकावतो आहे. असा प्रयोग दुकानात करणाऱ्याकडे विक्रेता जरा विचित्र नजरेने पाहील. पाहू द्यावे.

पण या सर्व अडचणींहून मोठा प्रश्न पडद्याबाहेरचा आहे. पन्नास हजारांच्या यंत्रात जेव्हा उंची पडदा बसतो तेव्हा खर्चाची कात्री कोठेतरी दुसरीकडे चालते. ती चालते ती न दिसणाऱ्या जागी. रॅम आठ जीबीची, आणि तीही मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे पुढे वाढविता न येणारी, बिजागरी प्लॅस्टिकची, बॅटरी लहान, प्रोसेसर दोन वर्षांपूर्वीचा, पण नव्या नावाचा. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय संगणक-केंद्रांनी मेमरी चिपची मागणी इतकी वाढविली की त्यांच्या किमती झपाट्याने चढल्या. अशा वेळी सोळा जीबीचा खर्च वाचवून ग्राहकाचे लक्ष रंगीत पडद्याकडे वळविण्याचा मोह उत्पादकाला होणे स्वाभाविक आहे. पडदा पाच मिनिटांत भुरळ घालतो. रॅमची उणीव तिसऱ्या वर्षी जाणवते, आणि तोवर हमी संपून वर्ष उलटलेले असते. आठ जीबी आणि ओएलईडी की सोळा जीबी आणि साधा पण सभ्य पडदा, असा पर्याय समोर आला तर शिक्षकाने आणि कारकुनाने दुसरा निवडावा. सभ्य पडदा म्हणजे ३०० निट्स किंवा अधिक उजळणीचा, एसआरजीबी रंगपल्ला पूर्ण असलेला, न चकाकणारा आयपीएस पडदा. तो आता मिळतो. मागावा लागतो इतकेच. चित्रकला, छायाचित्रण, चित्रफितीचे संकलन यांचे शिक्षण घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी ओएलईडी ही गरजेची वस्तू ठरू शकते, मात्र सोळा जीबी आणि वाढीव हमी यांसह. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी मात्र जपून राहावे. या पडद्यावरील भडक कुंकवाचा लाल रंग कागदावर उतरत नाही, आणि गिऱ्हाईक भांडते ते छापखान्याशी; पडदा बनविणाऱ्याशी नव्हे.

आणखी एका वस्तुस्थितीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बहुतेक ओएलईडी पडदे आरशासारखे चकचकीत असतात. वातानुकूलित, पडदे ओढलेल्या खोलीत ते खुलतात. आपल्याकडच्या शाळांच्या ओसरीत आणि खिडक्या सताड उघड्या असलेल्या कचेऱ्यांत त्यांत तक्त्याऐवजी मागची खिडकी आणि स्वतःचा चेहरा दिसतो. अशा प्रकाशासाठी बनविलेला पडदा कधी झालाच नव्हता असे नाही. निकोलस निग्रोपाँटे यांच्या ‘शंभर डॉलरच्या लॅपटॉप’ची कल्पना भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली नाकारली होती. तरी त्याचा भारतातील प्रयोग झाला तो महाराष्ट्रात, २००७ साली, रायगड जिल्ह्यातील खैरात येथील एका लहानशा शाळेत. त्या यंत्राची किंमत शंभर डॉलरवर कधीच आली नाही आणि त्यामागचा शिक्षणविचारही वादग्रस्त ठरला. पण मेरी लू जेपसेन यांनी त्यासाठी योजलेला साडेसात इंचांचा पडदा विलक्षण होता. मागचा दिवा मालवला की तो भर उन्हात कृष्णधवल छापील पानासारखा वाचता येई, आणि त्याला वीजही अगदी थोडी लागे. ते तंत्र पुढे बाजारात रुजले नाही. उन्हात बसून वाचणारा विद्यार्थी हा जगातील मोठा ग्राहक असेल, पण तो श्रीमंत ग्राहक नव्हे. पडदे कोणासाठी घडविले जातात हे त्यावरून कळते. ओएलईडी फोनसाठी आणि चित्रपटासाठी घडला. शाळेच्या वाट्याला तो आला तो वाढप संपत आल्यावर.

सरकारची भूमिका या बाबतीत धरसोडीची राहिली आहे. माहिती तंत्रज्ञान कराराखाली भारताने १९९७ साली संगणकावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचे मान्य केले. ३ ऑगस्ट २०२३ रोजी लॅपटॉपच्या आयातीवर अचानक परवान्याचे बंधन जाहीर झाले. ओरड होताच ते पुढे ढकलले गेले आणि शेवटी नुसत्या नोंदणीवजा व्यवस्थेवर तडजोड झाली. २०२१ साली मंजूर झालेल्या ७६,००० कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर कार्यक्रमात पडद्यांच्या कारखान्यांनाही अर्थसाहाय्य देऊ केले होते. चिपच्या प्रकल्पांनी वेग घेतला. पडद्याचा कारखाना काही उभा राहिला नाही. तेव्हा ‘भारतात जोडलेला’ असे ज्या यंत्रावर लिहिलेले असते त्याचा सर्वांत महाग भागांपैकी एक समुद्रापलीकडूनच येतो, आणि फुटला तर दुसराही तेथूनच येतो.

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. पन्नास हजारांच्या बिलात सुमारे ७,६०० रुपये हा करच असतो. व्यापाऱ्याने यंत्र धंद्यासाठी घेतले तर त्याला तो वळता करून मिळतो आणि यंत्राची घसाराही प्राप्तिकरात धरता येते. शिक्षक तेच यंत्र सरकारी माहिती भरण्यासाठी घेतो, पदरच्या पैशांनी घेतो, पण पगारदार असल्यामुळे त्याला यातले काहीच मिळत नाही. शासनाने माहिती ऑनलाइन मागायची, मुदत घालायची, आणि ती भरण्याचे साधन मात्र कर्मचाऱ्याने हप्त्यांवर आणायचे! या विसंगतीविषयी शिक्षक संघटनांनी जेवढा आवाज उठवायला हवा तेवढा उठविलेला नाही.

राहता राहिला दुरुस्तीचा प्रश्न. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले आणि मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकासंबंधीचा एका समितीचा अहवालही त्याच्या हाती आला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपला दहापैकी गुण द्यावे लागतात आणि ते दुकानात किमतीशेजारी लावावे लागतात. यंत्र किती सहज उघडते, सुटे भाग किती वर्षे मिळतील, त्यांची किंमत नव्या यंत्राच्या मानाने किती, हे सारे त्यात मोजले जाते. आपल्याकडे फ्रिजच्या दारावर तारे असतात, पंख्यावरही असतात. लॅपटॉपच्या खोक्यावर पडदा बदलण्याचा खर्च, रॅम वाढविता येते की नाही, पडद्याच्या मिचकावण्याची गती आणि बर्न-इन हमीत बसते की नाही, एवढ्या चार ओळी छापण्याची सक्ती करण्यास कोणत्याही नव्या कारखान्याची किंवा अनुदानाची गरज नाही. अहवालानंतर हे पाऊल टाकण्यास विभागाला अडचण कोणती, याचे स्पष्टीकरण संसदेत मागितले गेले पाहिजे.

ते होईपर्यंत ग्राहकाने स्वतःच विचारावे. लॅमिंग्टन रोडवर असो, पुण्याच्या तपकीर गल्लीत असो किंवा तालुक्याच्या गावी, पैसे मोजण्यापूर्वी या मॉडेलचा पडदा हमीबाहेर बदलून मिळण्यास आज किती रुपये पडतात, हे कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून लेखी आणून द्यावे, अशी मागणी करावी. आकडा कळला की तो यंत्राच्या किमतीशी ताडून पाहावा. हमी साधारणतः बारा महिन्यांची असते. हप्ते पुष्कळदा अठरा किंवा चोवीस महिन्यांचे असतात.